घरच्या सकस जेवणाचे आठवड्याचे नियोजन बुधवारीच का कोलमडते?

प्रश्न

आम्ही घरात चार माणसे आहोत: नोकरी करणारे आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. पाकीटबंद तयार पदार्थ कमी करायचे आणि अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या व फळे यांवर आधारलेले जेवण घरीच करायचे, असे आम्ही तीन महिन्यांपूर्वी ठरवले. दर रविवारी मी सात दिवसांच्या रात्रीच्या जेवणाचा तक्ता लिहितो आणि त्याप्रमाणे सामान आणतो. सोमवार-मंगळवार सगळे सुरळीत पार पडते. बुधवारी मात्र दोघांपैकी एकाला घरी यायला उशीर होतो, त्या दिवशीचे कडधान्य भिजत घालायचे राहून गेलेले असते आणि पुन्हा पाकीट फोडले जाते. शुक्रवारी पिवळी पडलेली पालेभाजी टाकून देताना फार वाईट वाटते.

दुसरी अडचण धाकट्याची आहे. भातात मटार दिसले की तो एकेक दाणा बोटाने उचलून ताटाच्या कडेला ओळीने मांडतो आणि शेवटचा दाणा बाहेर काढल्याखेरीज घास घेत नाही. त्याच्यासाठी वेगळे शिजवण्यात रोज अर्धा तास जातो. ज्यांच्या घरी असे नियोजन वर्षानुवर्षे टिकले आहे, त्यांनी ते नेमके कसे केले, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

तुम्ही पदार्थांचा तक्ता करत आहात. त्याऐवजी पूर्वतयारीचा तक्ता करून पाहा. पदार्थ एका विशिष्ट दिवसाशी बांधलेला असतो, त्यामुळे एक दिवस चुकला की पुढचे सगळे दिवस घसरतात. शिजवलेले कडधान्य, शिजवलेले धान्य आणि निवडून-चिरून ठेवलेली भाजी यांना मात्र वार नसतो. संध्याकाळी दमून घरी आल्यावर तेच कडधान्य कांदा-टोमॅटोत परतता येते, त्याचे घट्ट सूप करता येते किंवा कच्च्या भाज्यांमध्ये मिसळून लिंबू पिळून खाता येते. त्या वेळी फक्त एवढेच ठरवायचे उरते.

आमच्या घरी आठवड्यात दोनच रात्री कडधान्य भिजत पडते, शनिवारी आणि मंगळवारी, आणि तेवढीच गोष्ट आम्ही फ्रिजच्या दारावर लिहितो. राजमा किंवा छोले भिजवल्यावर पहिल्या तासाभरात साल सुरकुतते आणि सकाळपर्यंत दाणा फुगून पुन्हा ताठ होतो. एक दाणा मधोमध कापून पाहावा. आत कोरडा, खडूसारखा पांढरा ठिपका दिसला, तर तो अजून भिजायला हवा. एक वाटी कोरड्या कडधान्याचे शिजून साधारण अडीच वाट्या होते. त्यातील निम्मे आम्ही फ्रिजमध्ये ठेवतो आणि उरलेले एका जेवणाला पुरेल अशा डब्यांतून, तारीख लिहून, फ्रीजरमध्ये टाकतो. तुमच्या बुधवारचा खरा आधार म्हणजे फ्रीजरमधले हे दोन-तीन डबे आहेत.

भाजी वाया जाण्याचे कारण बहुधा वापरण्याच्या क्रमात आहे. पालेभाज्या, काकडी आणि कोवळ्या शेंगा पहिल्या तीन दिवसांतच संपवाव्यात; कोबी, गाजर, बीट आणि भोपळा आठवड्याच्या उत्तरार्धासाठी राखून ठेवावेत. पालेभाजी धुतली असेल तर पूर्ण कोरडी करून, कापडात गुंडाळून ठेवावी, कारण पानांवर राहिलेल्या पाण्यानेच ती लवकर सडते. गोठवलेल्या भाज्यांबद्दल मनात किंतु ठेवू नका. त्या काढणीनंतर लवकर गोठवलेल्या असतात आणि पोषणाच्या दृष्टीने चार दिवस फ्रिजमध्ये पडून राहिलेल्या ताज्या भाजीपेक्षा कमी ठरतीलच असे नाही.

प्रमाणासाठी हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने २०११ साली मांडलेले ताट मला सर्वांत सोयीचे वाटते: अर्ध्या ताटात भाज्या आणि फळे, पाव ताटात अख्खे धान्य आणि पाव ताटात प्रथिने. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे सुचवते. ते रात्रीच्या एकाच जेवणात बसवता येत नाही, म्हणून फळ सकाळीच खाल्लेले बरे. तक्त्यात एक दिवस मुद्दाम मोकळा सोडा, म्हणजे उरलेसुरले त्या दिवशी संपते.

प्रतिसाद २

वरील पद्धत उत्तम आहे, परंतु दोन बाबतींत काळजी घ्यायला हवी आणि घरात लहान मूल असल्याने ती टाळू नये, असे मला मनापासून वाटते.

पहिली बाब राजम्याची. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य असते आणि नीट न शिजलेले चार-पाच दाणेही काही तासांत जोराच्या उलट्या घडवू शकतात. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात तो किमान १० मिनिटे, खात्रीसाठी ३० मिनिटे, खळखळून उकळावा व मगच मऊ होईपर्यंत शिजवावा. मंद आचेवर तासन्‌तास अन्न शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट घालू नये, कारण तेथे पाणी उकळीपर्यंत पोहोचेलच असे नसते आणि अर्धवट तापमानात हे द्रव्य नष्ट होत नाही. डबाबंद राजमा शिजवलेलाच असतो. तो निथळून, धुऊन घेतला की त्यातील मीठही बरेच कमी होते.

दुसरी बाब भाताची. इतर शिजवलेले अन्न फ्रिजमध्ये तीन-चार दिवस ठेवायला हरकत नाही, भात मात्र दुसऱ्या दिवशीच संपवावा. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही जगतात आणि भात ओट्यावर कोमट राहिला की वाढू लागतात. त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात पसरून तासाभरात थंड करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेला भात मधल्या भागात कितीतरी वेळ गरम राहतो, हे हात लावून पाहिल्यावर पटते.

प्रतिसाद ३

मी धाकट्याविषयीच लिहिते, कारण माझ्या मुलीच्या बाबतीत मी दोन वर्षे वेगळा स्वयंपाक केला आणि त्याने तिचे खाणे अधिकच मोजके झाले.

मला उपयोग झाला तो एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी मांडलेल्या जबाबदारीच्या वाटणीचा. काय वाढायचे, केव्हा आणि कोठे, हे पालकांनी ठरवायचे. वाढलेल्यापैकी खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवायचे. वाचायला हे सोपे वाटते, पण आईवडिलांना ते जड जाते, कारण ‘एक तरी घास खा’ हे शब्द तोंडातून निघू द्यायचे नसतात. प्रत्येक जेवणात त्याला निश्चित आवडणारी एक गोष्ट असू द्यावी, मग ती साधा भात असेल किंवा दही, आणि नवी भाजी अगदी चमचाभर, वेगळ्या वाटीत ठेवावी. नवी चव स्वीकारायला मुलांना ती ८ ते १५ वेळा समोर यावी लागते, असे अभ्यासांतून दिसले आहे. बहुतेक घरांत तीन-चार वेळांनंतरच ‘याला हे आवडत नाही’ असा शिक्का बसतो.

मटार भातात मिसळू नका, वेगळे वाढा. जो मुलगा ते ओळीने मांडतो, तो त्यांना हात लावतो आहे, न्याहाळतो आहे, ही ओळखीची सुरुवातच आहे. त्याला शेंगा सोलायला बसवा. माझ्या मुलीने पहिला मटार ताटात खाल्लाच नाही. सोलता सोलता, कोणी पाहत नाही असे वाटून, तिने तो तोंडात टाकला. अख्खे शेंगदाणे किंवा बदाम मात्र पाच वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. कूट किंवा पेस्ट चालते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजच तक्ता बदलतो. अजून एक शंका आहे. पाकिटातले सगळेच टाळायचे का? घाईच्या दिवशी काय चालेल, याची सीमारेषा मला आखता येत नाही.

प्रतिसाद १

सगळे टाळण्याची मुळीच गरज नाही. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनी २००९ साली अन्नाचे वर्गीकरण प्रक्रियेच्या प्रमाणावरून करावे, असे मांडले आणि त्यातूनच ‘अतिप्रक्रियायुक्त अन्न’ ही कल्पना पुढे आली. त्या दृष्टीने कोरडी डाळ, गोठवलेले मटार, साधे दही आणि डबाबंद टोमॅटो पाकिटातून किंवा डब्यातून आले तरी स्वयंपाकघरातलेच अन्न राहते. घटकांच्या यादीत कृत्रिम चव, रंग, इमल्सिफायर अशी घरात कोणीच बाळगत नाही ती नावे दिसली, की हात आखडता घ्यावा.

हा फरक केवळ तात्त्विक नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे आहार दिले. दोन्हींमध्ये साखर, स्निग्धांश आणि तंतू सारखेच ठेवले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार अतिप्रक्रियायुक्त आहारावर माणसे दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खात होती. म्हणून बुधवारसाठी पाकीट ठेवायचेच असेल, तर ते गोठवलेल्या भाज्यांचे ठेवा आणि त्याच्या शेजारी शिजवलेल्या कडधान्याचा एक डबा असू द्या. सकाळी बाहेर पडताना तो डबा फ्रीजरमधून काढून फ्रिजमध्ये खाली ठेवला, की रात्रीचे जेवण वीस मिनिटांत होते.