सिझरच्या वेळी बोटाला क्लिप लावून एचबी (हिमोग्लोबिन) बघायचं आणि त्यावर रक्त द्यायचं ठरवायचं, पटतं का?

परळवासी: मुंबईतल्या प्रत्येक मोठ्या प्रसूतिगृहाच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सुई न टोचता सतत एचबी दाखवणारं मशीन हवंच असं माझं मत आहे. साध्या पल्स ऑक्सिमीटरमध्ये दोन तरंगलांबींचा प्रकाश असतो, यात सात किंवा जास्त, म्हणून हिमोग्लोबिनचाही अंदाज येतो. सिझरमध्ये सक्शनच्या बाटलीत रक्तासोबत गर्भजल असतं, मॉप (रक्त टिपायची कापडं) भिजलेले, चादरीखाली किती साचलं कुणी बघत नाही, आणि लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत सगळा नजरेचा अंदाज. एनएफएचएस-5 या 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52.2% गरोदर बायकांना ॲनिमिया होता, मुळात 8 एचबी असलेल्या बाईचं लिटरभर रक्त गेलं तर वाट कसली बघताय?

भूलवाली_ठाणे: सिझरला भूल देते म्हणून सांगते, त्या आकड्यावर रक्त द्यायचं मला अजिबात पटत नाही. रक्त वाहतं तेव्हा पेशी आणि प्लाझ्मा दोन्ही जातात, त्यामुळे सुरुवातीला एचबी तेवढंच दिसतं आणि बाई मात्र शॉकमध्ये जात असते! उलट भराभर सलाईन सोडलं की आकडा खाली. त्यात बीपी पडल्यावर बोटं थंड पडतात, स्पायनलनंतर (पाठीतून दिलेल्या भुलीनंतर) रक्तवाहिन्या आकसवून बीपी वाढवणारं फिनाइलएफ्रिन चालू असतं, म्हणजे ऐन गरजेच्या वेळीच सिग्नल कच्चा. लॅबशी तुलना केली की एक ग्रॅम, कधी दोन ग्रॅमचाही फरक निघतो. 7 आणि 9 यातच तर सगळा निर्णय असतो. मी पल्स भागिले वरचं बीपी बघते, 0.9 च्या वर गेलं की सावध.

परळवासी: एकट्या आकड्यावर द्या असं मी म्हणतच नाहीये. सुरुवातीला लॅबच्या एचबीशी मशीन जुळवून घ्या, मग 10 वरून सरकत खाली यायला लागलं की लगेच एबीजी (धमनीतल्या रक्ताची झटपट तपासणी) पाठवा. इशारा म्हणून तरी वापरा ना.

रक्तपेढीतला: मला फायदा दिसतो तो रक्तस्राव थांबल्यावर. दुसरी पिशवी लावायची का हे ठरवायला. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, तेव्हा "असू दे, अजून एक देऊ" म्हणून गेलेली पिशवी दुसऱ्या कुणाला तरी कमी पडते. आणि बाई बॉम्बे ब्लड ग्रुपची असेल (1952 मध्ये डॉ. भेंडे यांनी मुंबईतच शोधलेला) तर तिला साधं ओ सुद्धा चालत नाही, तिथे एकेक पिशवी मोलाची. पण तिचं रक्त सिझरच्या आधीच ठरवून ठेवायला हवं, मशीन ते करणार नाही.

लेबररूम_सिस्टर: नेलपॉलिश काढायलाच आमची धावपळ होते, डोहाळजेवणाची गडद मेंदी असली की साधा ऑक्सिमीटरही कधी कधी रुसतो. पैसे असतील तर आधी बाईच्या खाली लावायचे, रक्त मोजायच्या खुणांचे ड्रेप घ्या, रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झामिक ॲसिड हाताशी ठेवा, म्हणजे जास्त रक्त गेलं तर बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत 1 ग्रॅम देता येईल, आणि एका थेंबावर एचबी सांगणारं छोटं मशीन वॉर्डात द्या.

परळवासी: ड्रेप नॉर्मल डिलिव्हरीला ठीक आहे, पोट उघडं असताना काय करणार?

भूलवाली_ठाणे: मॉपचं वजन करा. कोरड्या मॉपचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. गर्भजल आधी एका बाटलीत ओढून घ्या आणि वार निघायच्या आधी बाटली बदला. एवढं रोज होत असेल तर तुमचं मशीन ट्रेंडसाठी आणायला माझी हरकत नाही, पण रक्त मागवायचा फोन मी त्याच्याकडे बघून करणार नाही.