मरणाच्या दारातल्या माणसावर संशोधन करावं का?

कातरवेळ
बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. फुप्फुसाचा कॅन्सर होता. शेवटचे नऊ दिवस ते पॅलिएटिव्ह वॉर्डात होते, म्हणजे जिथे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर असतो तिथे. सहाव्या दिवशी एक मुलगी कागद लावलेली पाटी घेऊन आली. दम लागण्यावर तिचा अभ्यास चालू होता. "शून्य ते दहामध्ये किती दम लागतोय, आजोबा?" बाबांना बोलवत नव्हतं, त्यांनी सहा बोटं दाखवली. तिचा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, आणखी एक बोट वर केलं. आयुष्यभर कुणाला नाराज न करणारा माणूस!

संमतीपत्रावर सही माझी होती. नाही म्हणायचं मनात होतं, पण मॉर्फिनचा पुढचा डोस त्याच वॉर्डातली माणसं देणार होती. अशा वेळी कोण नाही म्हणेल?

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला निकालाचा फायदा मिळणारच नाही, त्याचे उरलेले तास मागू नयेत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी यापेक्षा वेगळं काय असतं?

रात्रपाळी
ताई, सहीबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे, त्यावर वाद नाही. बाकीच्याशी मात्र असहमत. अशाच वॉर्डात चौदा वर्षं नर्स आहे, म्हणून जरा लांबण लावते.

शेवटच्या दिवसांत माणूस वातात बरळायला लागतो, चादर ओढतो, नळ्या उपसतो. तो भ्रम शांत व्हावा म्हणून आम्ही हॅलोपेरिडॉल हे औषध द्यायचो. सगळेच द्यायचे. मग ऑस्ट्रेलियात पॅलिएटिव्ह विभागांमधल्या 247 रुग्णांवर चाचणी झाली. काहींना हॅलोपेरिडॉल, काहींना त्याच प्रकारचं रिस्पेरिडोन, काहींना नुसतं औषधासारखं दिसणारं द्रव. काळजी सगळ्यांची सारखीच घ्यायची. 2017 मध्ये निकाल आला : ज्यांना खरं औषध मिळालं, त्यांचा त्रास दुसऱ्यांपेक्षा जास्त होता. ते रुग्ण सौम्य ते मध्यम भ्रमातले होते, त्यामुळे तो निष्कर्ष सगळ्यांना लावता येणार नाही, हे मला कळतं. तरी त्या दिवशी ड्यूटीवर औषधांचं कपाट उघडताना हात अडखळला. दया म्हणून मी किती जणांना ते टोचलं असेल!

ऑक्सिजनचंही तेच. रक्तातला ऑक्सिजन फारसा कमी नसलेल्या, पण दम लागणाऱ्या 239 रुग्णांपैकी निम्म्यांना नाकातल्या नळीतून ऑक्सिजन दिला, निम्म्यांना साधी हवा. आराम दोन्ही गटांना सारखाच पडला (2010). आता अशा रुग्णाला मी आधी खिडकीजवळ घेते, तोंडावर पंखा धरते. नळीने कानामागची कातडी सोलवटते हो, ते कुणी मोजत नाही.

तुमच्या बाबांच्या नाकात नळी होती का, असली तर कशासाठी, हे अशाच कुणाच्या तरी दिलेल्या तासांमुळे ठरलेलं असतं.

शंकेखोर
दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचतो.

या विषयात जो तो 2010 ची बॉस्टनची चाचणी नाचवतो. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरचे 151 रुग्ण. ज्यांना निदानापासूनच पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचं जगणं सुसह्य झालं, वर मध्यगत आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 8.9 ऐवजी 11.6 महिने. ऐकायला झकास. पण रुग्णालय एकच! पुढे 2016 मध्ये 43 चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा त्रास कमी होतो, जगणं सुधारतं हे दिसलं, आयुष्य वाढल्याचं मात्र दिसलं नाही. त्याच वर्षीची आणखी एक चाचणी : आयसीयूत दीर्घकाळ अडकलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांशी पॅलिएटिव्ह तज्ज्ञांनी ठरवून बैठका घेतल्या. नातेवाइकांची चिंता कमी झाली नाहीच, उलट नंतर आघाताच्या खुणा वाढलेल्या आढळल्या. चांगलं बोलायला माणूस पाठवला की चांगलंच होतं, हा भाबडेपणा आहे.

दुसरं म्हणजे, या चाचण्यांतून गळतं कोण? जे सगळ्यात आजारी, तेच. जे मरतात किंवा ज्यांना फॉर्म भरण्याचंही त्राण उरत नाही, त्यांच्या रकान्यात काहीच नसतं. मग निष्कर्ष निघतात ते त्यातल्या त्यात धडधाकट मरणासन्नांवरून. त्यात कातरवेळ यांच्या वडिलांचं सातवं बोट. ते आकडेवारीत गेलं, तर तो विदा (डेटा) म्हणायचा की सौजन्य?

अर्धविराम
शंकेखोर, तुम्ही सांगितलेली आयसीयूची चाचणी माझ्या मते संशोधनाच्याच बाजूने बोलते. ती झाली नसती तर त्या बैठका आज सगळीकडे सक्तीच्या असत्या.

चाचणीआधीच पद्धत राबवली की काय होतं, ते इंग्लंडमध्ये दिसलं. लिव्हरपूल पाथवे नावाचा शेवटच्या दिवसांचा आराखडा होता, मूळ हेतू उत्तम. होस्पिसमधली, म्हणजे मरणासन्न रुग्णांसाठीच्या खास केंद्रांतली काळजी साध्या वॉर्डात आणायची. प्रत्यक्षात काही ठिकाणी नुसत्या खुणा करायचा कागद झाला, नातेवाइकांना न सांगता माणसं त्यावर टाकली गेली, पाणी तोडल्याच्या तक्रारी आल्या. 2013 च्या जुलैत चौकशी समितीने तो गुंडाळायला सांगितलं. आणि इटलीत त्याची रीतसर चाचणी चालू होती, तिचा निकाल आला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये : एकूण काळजीच्या दर्जात ठोस फरक नाही. वरात गेल्यावर घोडं आलं!

कातरवेळ
रात्रपाळी, नळी होती. कानामागे लालही झालं होतं. ते तुम्ही लिहिलंत तेव्हा वाचणं थांबवलं होतं थोडा वेळ.

पण तुमच्या चाचणीतल्या ज्या माणसाला खोटं द्रव मिळालं, तो भ्रमात होता म्हणता. मग हो कोण म्हणालं? त्याची मुलगी. म्हणजे मीच. माझा प्रश्न तिथेच अडकतो. पुढच्यांचं भलं झालं म्हणून सही घेण्याची पद्धत बरोबर ठरत नाही.

अर्धविराम
याला निदान एका ठिकाणी तोड निघाली आहे. शेवटी घशात जी घुरघुर होते, तिच्यावर नेदरलँड्सच्या सहा होस्पिसमध्ये चाचणी झाली. रुग्ण दाखल होतानाच, शुद्धीत असताना, त्याला स्वतःला विचारलं : तुमची वेळ जवळ आली की हे इंजेक्शन आधीच देऊन बघू का? हो म्हणालेल्यांपैकी जे पुढे त्या अवस्थेला पोचले, त्यांनाच चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. 157 जणांमध्ये औषधाच्या गटात घुरघुर 13 टक्के, दुसऱ्या गटात 27. मुलीच्या सहीवर काहीच टांगलेलं नव्हतं.

शंकेखोर
चांगलं उदाहरण, मान्य. पण घुरघुरीचा त्रास रुग्णापेक्षा ऐकणाऱ्यांना जास्त होतो असं बरेच डॉक्टर मानतात. मग औषध कुणासाठी दिलं?

रात्रपाळी
रात्री तीन वाजता तो आवाज ऐकत बसलेल्या बाईला हे जाऊन सांगा.

कातरवेळ
आधी विचारलं असतं तर बाबा हो म्हणाले असते, हे मला माहीत आहे. ते कुणालाही हो म्हणायचे. म्हणूनच तर त्या मुलीच्या जागी वॉर्डाबाहेरचं, औषधाशी संबंध नसलेलं कुणीतरी यायला हवं होतं, दोनदा, वेगवेगळ्या दिवशी. एवढं केलं तर माझा विरोध निम्मा कमी होईल. निम्मा राहील.

रात्रपाळी
दोनदा यायचं, तर मधे एक दिवस लागतो ताई. आमच्याकडे कित्येकांकडे तोच नसतो.