कला शाखेसाठी एका सत्राचा गणिताचा कोर्स: काय ठेवावं, काय गाळावं?

लंबक

पुढच्या सत्रात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला गणिताचा एक सक्तीचा कोर्स शिकवायचा आहे. १५ आठवडे, आठवड्याला ३ तासिका. चाचण्या आणि उजळणी वजा केली तर ४० तासिका हातात राहतात. वर्गात भाषा, इतिहास, मानसशास्त्र, समाजशास्त्र घेतलेली मुलं असतील. बहुतेकांचं गणित शाळेबरोबरच सुटलेलं आहे आणि पुढे कॅल्क्युलसकडे कुणीच जाणार नाही.

जुन्या आराखड्यात ११ घटक आहेत: संच, तर्कशास्त्र, संख्यापद्धती, बीजगणित, भूमिती, व्याज, मोजणीची तत्त्वं, संभाव्यता, संख्याशास्त्र, ग्राफ थिअरी (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित) आणि मतदानाचं गणित. म्हणजे एकेका घटकाला चार तासिकासुद्धा येत नाहीत.

यातलं काय ठेवावं? सुरुवातीला बीजगणिताची उजळणी घ्यावी का? मुलं नेमकी कुठे अडकतात? आणि प्रश्नपत्रिका कशी काढावी, म्हणजे सूत्रात आकडे टाकण्यापलीकडचं काही तपासलं जाईल?

हातचा_एक

अकरा घटक ठेवले तर प्रत्येकाची व्याख्या आणि दोन सोडवलेली उदाहरणं एवढंच होतं. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पाच घटक घ्या. टक्केवारी आणि प्रमाण ५ तासिका, व्याज आणि हप्ते ८, संभाव्यता ८, संख्याशास्त्र १०, मतदान ६. उरलेल्या तीन तासिका मुलांच्या प्रकल्पांना. संचांना वेगळा घटक नको, संभाव्यतेत लागेल तेव्हा वेन आकृती काढा. संख्यापद्धती आणि भूमिती या कोर्समधून बिनधास्त गाळा.

बीजगणिताची उजळणी सुरुवातीला नकोच. पहिले दोन आठवडे फळ्यावर अवयव आणि वर्गसमीकरणं दिसली की ज्यांनी गणित सोडलं होतं ती मुलं तिथेच मनाने वर्गाबाहेर जातात. घातांक लागतात चक्रवाढ व्याजात, समीकरण उलटं सोडवावं लागतं हप्त्यात. तिथे, कामापुरतं शिकवा. पहिल्या आठवड्यात २० मिनिटांची बिनगुणांची चाचणी मात्र जरूर घ्या: अपूर्णांकांची बेरीज, कंसांचा क्रम, एक टक्केवारीचं उदाहरण, एक आलेख वाचणं. कुणाला कुठे हात द्यायचा ते त्यातून कळतं.

टक्केवारी सोपी म्हणून पळवू नका. या कोर्समधल्या निम्म्या चुकांच्या मुळाशी ‘कशाचे टक्के?’ हा न विचारलेला प्रश्न असतो. १०० मध्ये २० टक्के वाढ झाली की १२०. मग २० टक्के घट झाली की ९६, कारण दुसरे २० टक्के १२० चे आहेत. दर ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला तर वाढ २ टक्के बिंदूंची आणि मूळ दराच्या २५ टक्के. दोन्ही विधानं बरोबर आहेत. बातमी लिहिणारा त्यातलं कोणतं निवडतो आणि का, हे मुलांना ओळखता आलं पाहिजे. प्रत्येक टक्क्यापुढे पाया लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. ‘४० टक्के’ एवढंच लिहिलेलं उत्तर अपूर्ण धरा.

आता हप्ते. एकच उदाहरण घ्या आणि ते शेवटपर्यंत न्या. मुद्दल १,००,०००, वार्षिक दर १२ टक्के, १२ मासिक हप्ते. मासिक दर ०.०१. घटत्या शिल्लकेवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून, हप्ता येतो ८,८८४.८८ आणि एकूण व्याज सुमारे ६,६१९. तेच कर्ज ‘१२ टक्के फ्लॅट’ दराने दिलं तर व्याज १२,००० आणि हप्ता ९,३३३.३३. कारण फ्लॅट पद्धतीत, मुद्दल दर महिन्याला फिटत असूनही व्याज पूर्ण १,००,००० वरच धरतात. घटत्या शिल्लकेच्या भाषेत तो दर वर्षाला सुमारे २१.५ टक्के पडतो. हा आकडा वर्गात निघाला पाहिजे, नुसता सांगून उपयोग नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, मासिक दराच्या जागी ०.१२ किंवा थेट १२ टाकणं. दुसरी जास्त फसवी: मधेच दशांश छाटणं. हप्ता = मुद्दल × ०.०१ × घात ÷ (घात − १), इथे घात म्हणजे १.०१ चा बारावा घात, १.१२६८२५. तो १.१३ धरला तर हप्ता ८,६९२ येतो, महिन्याला जवळपास १९३ कमी. सूत्राच्या छेदात त्यातून १ वजा होतो, त्यामुळे ०.१२६८ चं ०.१३ होतं आणि छोटी चूक मोठी दिसू लागते. मधल्या पायऱ्यांत निदान सहा दशांश ठेवायला सांगा, छाटणी फक्त शेवटी.

नमुना_निवड

वरच्या वाटणीशी सहमत. संभाव्यता आणि संख्याशास्त्राबद्दल लिहितो.

संभाव्यतेत फासे आणि पत्ते दोन तासिकांत संपवा. खरा वेळ सशर्त संभाव्यतेला द्या (एक गोष्ट घडली असं धरून दुसरीची शक्यता), तोही सूत्राशिवाय. ती काढायचं बेजचं सूत्र फळ्यावर आलं की मुलं अक्षरं जुळवत बसतात. त्याऐवजी १०,००० माणसं घ्या. आजार ०.५ टक्के लोकांना, म्हणजे ५० जणांना. चाचणी आजारी माणसांपैकी ९६ टक्क्यांना पकडते: ४८. निरोगी ९,९५० पैकी ४ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते: ३९८. एकूण पॉझिटिव्ह ४४६, त्यात खरे आजारी ४८, म्हणजे सुमारे ११ टक्के. दोन ओळी, दोन स्तंभ आणि बेरजा, एवढा तक्ता प्रत्येकाला हाताने भरायला लावा. मग आजाराचं प्रमाण १० टक्के करून तोच तक्ता पुन्हा भरायचा: ९६० खरे, ३६० खोटे, आणि उत्तर ७३ टक्क्यांच्या जवळ. चाचणी तीच असताना उत्तर का बदललं, हे चार वाक्यांत लिहायला सांगा. ‘आजारी असेल तर पॉझिटिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्ह असेल तर आजारी’ यांतला गोंधळ याच तक्त्याने सुटतो, कारण एकदा ओळीची बेरीज छेदात जाते आणि एकदा स्तंभाची.

संख्याशास्त्रात प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) हाताने काढण्यात दोन तासिका घालवू नका. ते स्प्रेडशीटवर सोडा आणि नमुना कसा निवडला यावर भर द्या. साध्या यादृच्छिक नमुन्यात टक्केवारीची त्रुटी-मर्यादा, ९५ टक्के विश्वासपातळीला, ढोबळमानाने १ भागिले नमुन्याच्या संख्येचं वर्गमूळ. १,००० जणांसाठी सुमारे ३ टक्के बिंदू. ती निम्मी करायची तर ४,००० माणसं लागतात. लोकसंख्या एक लाख आहे की दहा कोटी, याने फारसा फरक पडत नाही. ही गोष्ट मुलांना सहजी पटत नाही, तिला अर्धी तासिका द्या.

त्याला लागूनच १९३६ ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक घ्या. ‘लिटररी डायजेस्ट’ने सुमारे १ कोटी पत्रिका पाठवल्या, २० लाखांहून अधिक परत आल्या, आणि भाकीत केलं लँडन यांच्या विजयाचं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. नावं घेतली होती टेलिफोन आणि मोटारींच्या नोंदींसारख्या याद्यांतून, शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्या मतांतही फरक होता. कललेला नमुना कितीही मोठा केला तरी कल जात नाही.

आणखी एक उदाहरण सोडू नका: बर्कली विद्यापीठाचे १९७३ चे पदव्युत्तर प्रवेश. एकूण आकड्यांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के निवडले गेले. विभागवार पाहिलं की तो फरक बहुतांशी विरतो, कारण स्त्रियांचे अर्ज अशा विभागांत जास्त होते जिथे सगळ्यांनाच प्रवेश कठीण होता. समाजशास्त्राची मुलं इथे खूप बोलतात; बोलू द्या, पण प्रत्येक दाव्यामागे कोणता तक्ता आहे ते विचारत राहा.

सम_विषम

हातचा_एक यांच्या यादीवर माझा एक आक्षेप आहे. त्या पाचांत व्यवहार आहे, पण सिद्धता कुठेच नाही. ‘हे अशक्य आहे’ असं गणित ठामपणे कसं म्हणतं, ते कला शाखेच्या मुलांनी एकदा तरी पाहायला हवं. त्यासाठी ग्राफ थिअरीच्या तीन तासिका पुरतात. कोनिग्सबर्ग शहराचे सात पूल, गणितज्ञ ऑयलर, १७३६. प्रश्न असा: प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का? चार भूभाग, त्यांना जोडणाऱ्या पुलांची संख्या ५, ३, ३, ३. मधल्या कुठल्याही भूभागात जितक्यांदा शिरायचं तितक्यांदा बाहेर पडायचं, म्हणजे तिथले पूल सम हवेत. विषम चालतील ते फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या भूभागात. इथे चारही विषम, म्हणून प्रत्येक पूल एकदाच ओलांडणारी वाट नाही. पूर्ण सिद्धता आणि एकही सूत्र नाही. मुलं गल्लत करतात ती ‘प्रत्येक कड (इथे पूल) एकदा’ आणि ‘प्रत्येक शिरोबिंदू (इथे भूभाग) एकदा’ यांत. दुसऱ्या प्रश्नाला असा सोपा निकष माहीत नाही, हे तेव्हाच सांगा.

भाषेच्या मुलांसाठी मोजणी छंदशास्त्रातून आणा. तीन अक्षरं, प्रत्येक लघू किंवा गुरू, म्हणून गण आठ: ‘यमाताराजभानसलगं’ त्यांना माहीत असतंच. मग मात्रा धरा: लघूची १, गुरूच्या २. चार मात्रांच्या रचना पाच होतात. शेवट लघू असेल तर आधीच्या मात्रा तीन, गुरू असेल तर दोन, म्हणून प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज: १, २, ३, ५, ८, १३. हेमचंद्रांनी बाराव्या शतकात हा नियम दिला, फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथाआधी.

मतदानासाठी २७ मतपत्रिकांचं हे उदाहरण वापरा. १२ जणांचा क्रम क, ख, ग. १० जणांचा ग, ख, क. ५ जणांचा ख, ग, क. पहिल्या पसंतीच्या मतांवर क जिंकतो (१२). पहिल्या दोघांत दुसरी फेरी घेतली तर ख बाहेर, त्याची ५ मतं ग ला, ग जिंकतो १५ विरुद्ध १२. एकास एक लढवलं तर ख जिंकतो: क विरुद्ध १५–१२, ग विरुद्ध १७–१०. बोर्डा पद्धतीने पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पसंतीला २, १, ० गुण दिले तरी ख पुढे: ३२, तर ग २५ आणि क २४. म्हणजे एकाही मतदाराचं मत न बदलता तीन विजेते. गुणांची बेरीज नेहमी ८१ यायला हवी (२७ गुणिले ३). एवढी ताळ्याची सवय लागली तरी निम्म्या चुका पकडल्या जातात.

अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांचं मतदानाबद्दलचं १९५१ चं प्रमेय सांगताना ‘कोणतीच निवडणूक न्याय्य नसते’ असं म्हणू नका, ते चूक आहे. प्रमेय म्हणतं: पर्याय तीन किंवा अधिक असतील, मतदार कोणताही पसंतीक्रम देऊ शकत असतील आणि त्यातून नेहमी सुसंगत सामूहिक क्रम हवा असेल, तर एकमताचा आदर, दोन पर्यायांचा निर्णय तिसऱ्यावर अवलंबून नसणं आणि हुकूमशहा नसणं या तीन अटी एकत्र पाळता येत नाहीत. यातलं एकही गृहीतक गाळलं तर विधान बिघडतं.

लंबक

बर्कली आणि २७ मतपत्रिका दोन्ही घेतो. ग्राफच्या तीन तासिका हप्त्यांतून एक आणि संख्याशास्त्रातून दोन काढून बसवतो. प्रश्नपत्रिका आणि स्प्रेडशीटबद्दल कुणी सांगेल का?

हातचा_एक

सम_विषम यांचा आक्षेप मान्य, ग्राफ घ्याच.

सूत्रांचा कागद परीक्षेत द्या. १० गुणांच्या प्रश्नात मांडणीला ३, आकडेमोडीला ३ आणि निष्कर्षाच्या वाक्याला ४. हे वाटप पहिल्या दिवशी वर्गात सांगा, नाहीतर मुलं वाक्य लिहीतच नाहीत. चाचणीच्या उदाहरणात ‘पॉझिटिव्ह आलेल्या दर १०० पैकी सुमारे ११ जणांना आजार असतो’ याला पूर्ण ४. ‘११ टक्के लोकांना आजार आहे’ याला शून्य, कारण पाया बदलला. प्रत्येक परीक्षेत एक प्रश्न असा ठेवा की चुकीचं सोडवलेलं उत्तर छापायचं आणि पहिली चुकीची पायरी शोधून ती का चुकली ते लिहायला लावायचं. तिथे पाठांतर चालत नाही.

स्प्रेडशीटमध्ये हप्त्याचं तयार फंक्शन पीएमटी शेवटी दाखवा. आधी बारा ओळींचा तक्ता करू द्या: सुरुवातीची बाकी, व्याज, मुद्दलात गेलेला भाग, शेवटची बाकी. पहिल्या ओळीत व्याज १,०००, मुद्दलात ७,८८४.८८, बाकी ९२,११५.१२. दुसरीत व्याज ९२१.१५. बाराव्या ओळीत बाकी शून्य यायला हवी, फार तर एखादा शतांश इकडेतिकडे. छाटलेला ८,६९२.३१ चा हप्ता याच तक्त्यात टाकला की शेवटी सुमारे २,४४२ बाकी उरतात, म्हणजे चूक कुणी सांगायच्या आत तक्ताच दाखवतो. मुलांचा तक्ता फसतो तो बहुधा एकाच कारणाने: दराचा चौकोन डॉलर चिन्हाने बांधलेला नसतो, सूत्र खाली ओढताना तो सरकतो आणि दुसऱ्या ओळीपासून व्याज शून्य दिसू लागतं. आणि पीएमटीचं उत्तर उणे आलं तर घाबरायचं कारण नाही; मुद्दल ही आलेली रक्कम धरली असल्याने हप्ता ही गेलेली रक्कम म्हणून उणे दिसतो.