शब्दचर्चा: पोरांचा ‘प्लेग’ मराठीत होतो की लागतो?

ओळभंग: चार्ली पोलिंजर यांच्या ‘द प्लेग’ (२०२५) या सिनेमाची मराठी उपशीर्षकं करताना शीर्षकाच्याच शब्दावर गाडी अडली आहे. २००३ चा उन्हाळा, अमेरिकेतलं वॉटर पोलोचं शिबिर, बारा-तेरा वर्षांचे मुलगे. त्यातल्या ईलायच्या अंगावर पुरळ आहे. तो जेवणाच्या टेबलाशी बसला की बाकीचे उठून दुसरीकडे जातात. त्याचा हात लागला तर लगेच धुवायचं, नाहीतर तुम्हालाही ‘प्लेग’. मी ‘प्लेग’च ठेवलं होतं. तपासणाऱ्यांनी खोडून सगळीकडे ‘विटाळ’ केलं. मत द्या.

गाठोडं: वैद्यकीय अर्थाने हा प्लेग नाहीच. प्लेगमध्ये जांघेत, काखेत गाठी येतात. जांघेतल्या गाठीला मराठीत ‘अवधाण’ असा नेमका शब्द आहे. जुन्या लिखाणात ‘ग्रंथिक सन्निपात’ सापडेल. पुरळाला नायटा, खरूज, इसब, काहीही म्हणा.

ओळभंग: पोरांनाही तो प्लेग नाही हे माहीत आहे हो. नाव मुद्दाम मोठं घेतलंय, भीती वाटावी म्हणून.

कुंपण: मग ‘प्लेग’च ठेवा. १८९६ ला मुंबईत साथ आली, १८९७ ला पुण्यात रँड, त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या. सव्वाशे वर्षं शब्द मराठीत नांदतोय. ‘मरी’ घेतलीत तर मरीआई येते आणि वाचणाऱ्याला पटकी आठवते.

नागमोडी: ‘विटाळ’ला माझा ठाम विरोध. या पोरांचा नियम कुणीतरी परवा बनवलाय आणि शिबिर संपलं की तो संपेल. जातीचा विटाळ जन्माने चिकटतो. चोखोबा आणि सोयराबाईंनी ज्यावर अभंग रचले तो शब्द अमेरिकन पोराच्या तोंडी घातलात की प्रेक्षक दुसराच सिनेमा बघायला लागतो.

ढवळाढवळ: उलट मला तोच बरोबर वाटतो. स्पर्श, अंघोळ, वेगळी पंगत, सगळं तेच आहे. शिवाय व्युत्पत्ती बघा: वीट येणे, त्यावरून विटाळ.

नागमोडी: वीट-बीट काही नाही. हेमचंद्र या जैन पंडिताच्या व्याकरणात अपभ्रंश भाषेच्या भागात ‘विट्टाल’ आहे आणि अर्थ सरळ ‘अस्पृश्यसंसर्ग’ दिलाय. बाराव्या शतकातच शब्द या अर्थाला बांधला गेलाय. म्हणून तर नको म्हणतोय.

ढवळाढवळ: हेमचंद्राने अर्थ दिला, उगम नाही. माझी वीट शाबूत आहे.

कुंपण: अमेरिकन पोरांचा खरा खेळ ‘कूटीज’, म्हणजे हात लागला की होणारी लुटुपुटूची लागण. मलायमध्ये ‘कुतू’ म्हणजे ऊ, तिथून तो आला असं कोशकार मानतात. म्हणजे आपल्याकडे ‘उवा झाल्यात’. पण उवांना कोण घाबरतं!

ओळभंग: जागेचंही सांगतो. ओळीला साधारण ४२ अक्षरं, दोन ओळी. यंत्र काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतं. ‘संसर्गजन्य’ डोळ्याला पाच अक्षरं, यंत्राला दहा. ‘प्लेग’ डोळ्याला दोन, ‘विटाळ’ तीन, यंत्राला दोन्ही पाच. त्यामुळे लांबीवर निकाल लागत नाही. पण पडद्यावर पोरगा ‘प्लेग’ म्हणताना ऐकू येतो आणि खाली ‘विटाळ’ दिसतं. कान एकीकडे, डोळा दुसरीकडे.

गाठोडं: नामावर भांडताय, क्रियापद बघा. रोग ‘होतो’. भूत, नजर, सुतक ‘लागतं’. ‘त्याला प्लेग झालाय’ म्हटलं की डॉक्टर बोलतोय. ‘तुला प्लेग लागला!’ म्हटलं की पोरगं बोलतंय. ‘लागण’ त्याच घरातली. नाम परकं ठेवा, क्रियापद आपलं घ्या.

नागमोडी: आणि हात लागण्याला ‘शिवणे’. शिवणापाणी खेळात दुसरं काय असतं? संस्कृत स्पृश्, प्राकृत छिवइ, मराठी शिवणे. कपडा शिवण्याचा सीव् धातू वेगळा. ‘ईलायला शिवलास, तुझ्यावर राज्य!’

कुंपण: ‘राज्य’ झकास आहे, पण धोका आहे. शिवणापाणीत राज्य फिरतं, दुसऱ्याला शिवलं की आपण सुटतो. इथे ईलाय कधीच सुटत नाही. ‘राज्य’ लिहिलंत तर क्रौर्य निम्मं झालं.

ढवळाढवळ: मग ‘वाळीत टाकणे’ घ्या ना, शुद्ध मराठी.

नागमोडी: ते पंचांनी बसून करायचं काम. २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा त्यासाठीच आहे. पोरं ठराव करत नाहीत, नुसती टेबलावरून उठतात.

ओळभंग: आणखी एक अडचण. बेन नावाच्या मुलाच्या उच्चारात ‘स्टॉप’मधला ट गळतो, म्हणून टोळीचा म्होरक्या जेक त्याचं नाव ‘सॉपी’ पाडतो. ‘थांब’ लिहिलं तर विनोदच मरतो.

गाठोडं: पहिल्यांदा ‘स्टॉप’ आणि लगेच पुढच्या ओळीत ‘सॉप’ असंच लिहा. मराठी पोरं ‘स्टॉप’ म्हणतातच. मात्र आधीच्या प्रसंगांत एकदा तरी ‘स्टॉप’ दिसू द्या, नाहीतर नाव कशावरून पडलं ते कळणार नाही.

कुंपण: वॉटर पोलोतल्या ‘एगबीटर’ला (शब्दशः अंडी फेटायचं यंत्र) काय करताय? तळाला पाय न टेकवता पाण्यावर उभं राहण्याची ती लाथ.

ढवळाढवळ: रवी! ‘पायांची रवी मार.’

गाठोडं: रवी एकच असते आणि दोरीने उलटसुलट फिरते. इथे गुडघे काटकोनात वाकवून दोन्ही पाय गोल फिरतात, एक घड्याळाच्या दिशेने, दुसरा उलट, आळीपाळीने. दोन्ही एकदम मारले तर अंग वरखाली आपटतं, चेंडू हातात ठरत नाही. रवीने ते चित्र उभं राहत नाही.

ढवळाढवळ: मग जातं म्हणा. दोन पाय, दोन जाती.

नागमोडी: ‘जाती’ लिहू नका, पुन्हा विटाळावर येऊ.