मदत हवी आहे: विधानसभेतलं लेखी उत्तर आणि आमच्या शिवारातली परिस्थिती जुळत नाही, पुढे काय करायचं?

नमस्कार मंडळी. यावल-रावेर पट्ट्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. गावाचं आणि पोलीस ठाण्याचं नाव मुद्दाम देत नाही. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. विधिमंडळाचं कामकाज मला फारसं कळत नाही, म्हणून जाणकारांना विचारते.

विषय केबलचोरीचा आहे. आमच्याकडची केळी सगळी ट्यूबवेलवर. गेल्या उन्हाळ्यापासून रात्री मोटारीची केबल कापून न्यायचे प्रकार सुरू झालेत. आजवर ११ शेतकऱ्यांची गेली, आमची दोनदा. दुसऱ्या वेळी सासरे पहाटे लाईट आली म्हणून मोटार चालू करायला गेले, तर पेटीपासून बोअरपर्यंत काहीच नाही, बोअरच्या तोंडाशी कापलेलं टोक तेवढं उरलेलं. पुढे नाल्यात राख सापडली. वरचं प्लास्टिक तिथेच जाळून तांबं काढून नेलं होतं. त्या दगडांवरचा काळा चिकट थर पावसाळ्यानंतरही गेलेला नाही.

बाग ऐन निसवणीवर, म्हणजे घड बाहेर पडायच्या बेतात होती. एप्रिलअखेरचं आपल्याकडचं ऊन, आणि नवी केबल आणून जोडेपर्यंत चार दिवस थेंब नाही. ज्यांनी केळी केली आहे त्यांना सांगायला नको. कितीतरी घड अर्धे बाहेर येऊन तिथेच अडकले. केबलचे पैसे एकदाचे सोसता येतात हो, पण वर्षभर लेकरासारखी सांभाळलेली बाग डोळ्यांदेखत अशी झाली की सासरे दोन दिवस जेवले नाहीत.

गावाने मिळून आमदारांना निवेदन दिलं. त्यांनी खरंच तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं) टाकला, त्याबद्दल त्यांचे आभारच. प्रश्नोत्तराच्या तासाला आमचा नंबर लागला नाही, पण लेखी उत्तर पटलावर आलं आणि त्याची प्रत मिळाली. तीन वेळा वाचली. पहिल्या भागाला उत्तर आहे, "हे अंशतः खरे आहे." पुढे, दोन गुन्हे दाखल असून तपास सुरू आहे, परिसरात रात्रगस्त नियमित सुरू आहे. आणि शेवटचा भाग, "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" त्याला "प्रश्न उद्भवत नाही."

अकराचे दोन कसे झाले? गस्तीची गाडी आमच्या शिवाररस्त्याला मी तरी पाहिलेली नाही, आणि रात्रपाळीच्या लाईटला पाणी भरणारी माणसं अख्खी रात्र तिथे असतात, त्यांनीही नाही. पोलीस दूरक्षेत्राच्या (चौकीच्या) खोलीला कुलूप असतं. पोलीस पाटलाचं पद रिकामं आहे. आता गावात लोक मलाच म्हणतात, ताई, मंत्र्यांनीच विधानसभेत सांगितलं की सगळं सुरळीत आहे, मग आपण खोटे ठरलो का?

मला एवढंच विचारायचं आहे: असं उत्तर दुरुस्त करून घेता येतं का? आश्वासन समितीकडे आमच्यासारख्यांना जाता येतं का? आणि गस्त होत नाही हे कागदावर कसं दाखवायचं?

*

प्रतिसाद १ (निवृत्त लिपिक, धुळे)

ताई, माझी बरीच नोकरी एलएक्यूच्या, म्हणजे विधानसभेतल्या प्रश्नांच्या, फाइली करण्यात गेली, म्हणून सांगतो. प्रश्न विधान भवनातून मंत्रालयात गृह विभागाकडे जातो, तिथून पोलीस अधीक्षकांकडे आणि तिथून तुमच्याच ठाण्याकडे. ठाण्याने जी माहिती लिहून दिली तीच पायरी पायरी चढत वर जाते आणि मंत्र्यांच्या नावाने छापली जाते. अधिवेशन सुरू असलं की रात्री अकराला फोन यायचे, माहिती आत्ताच्या आत्ता पाठवा. तेवढ्या घाईत शिवारात जाऊन कोण बघणार? रजिस्टर उघडायचं, आकडा लिहायचा. ज्यांच्याबद्दल तक्रार, माहितीही त्यांचीच, हे या पद्धतीतलं मोठं दुखणं आहे आणि ते मला नोकरीत असतानाही खुपायचं.

आश्वासन समितीचं म्हणाल तर तुमच्या उत्तरात आश्वासनच दिसत नाही. मंत्री "करू", "करण्यात येईल" म्हणाले की ते आश्वासन, त्याचा पाठपुरावा समिती करते. "सुरू आहे" हे झालं निवेदन. ते चुकीचं असेल तर रस्ता आमदारांकडूनच जातो. त्याच उत्तरावर अर्धा तास चर्चा मागता येते, किंवा पुढच्या अधिवेशनात लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी. पण त्यांच्या हातात कागद द्या. नुसतं "गस्त नाही" म्हणून सभागृहात कोणी उभं राहू शकत नाही.

कागद असा मिळवा. माहिती अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून ठाण्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. होऊन गेलेल्या महिन्यांचं गस्तीच्या वाहनाचं लॉगबुक आणि रात्रगस्तीच्या नोंदी मागा. पुढचं नियोजन मागू नका, सुरक्षेचं कारण देऊन नाकारतील. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. पोलीस पाटलाच्या रिक्त पदासाठी प्रांत कार्यालयात वेगळा अर्ज द्या, नेमणूक तिथूनच होते.

*

प्रतिसाद २ (वकील, जळगाव)

अकराचे दोन कसे झाले ते मी सांगतो. तुमच्या नऊ जणांकडे बहुतेक एनसीची (अदखलपात्र नोंदीची) पावती किंवा शिक्का मारलेला साधा अर्ज असेल. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खालची चोरी ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची असेल तर ती अदखलपात्र धरतात, म्हणजे पोलीस स्वतःहून गुन्हा दाखल करून तपास करत नाहीत. शेतकरी ठाण्यात जातो, अंदाजाने सांगतो "तीन-चार हजाराची असेल साहेब", आणि तिथेच विषय संपतो. विधानसभेच्या उत्तरात मोजले जातात ते दाखल गुन्हे. म्हणजे आकडा खालीच ठरला.

केबलची बिलं शोधा. मीटर किती, भाव काय, पेटी-स्टार्टर गेलं असेल तर तेही धरा. किंमत ५,००० च्या वर असूनही गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच फिर्याद लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. पोच जपून ठेवा. अकरा जणांचे अकरा वेगळे अर्ज करा, एकच सामूहिक निवेदन नको.

*

प्रतिसाद ३ (शिरपूर)

आमच्याकडे पोरांनी पाळ्या लावून राखण केली, चोऱ्या थांबल्या. तुम्हीही तेच करा ताई.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार.

शिरपूरच्या दादा, राखण आम्हीही महिनाभर केली. पण दिवसा शेतात राबलेली माणसं रात्री बांधावर किती दिवस जागणार? एकाला झोपेत साप चावता चावता राहिला. त्यानंतर घरच्या बायांनीच थांबवलं, आणि मला ते बरोबर वाटतं.

वकील भाऊ, तुमचं वाचल्यावर काल संध्याकाळी अकरा घरी फिरून आले. तुम्ही म्हणता तसंच निघालं. सात जणांकडे एनसी, दोघांनी तर अर्जाची प्रतसुद्धा ठेवलेली नाही. आमची केबल ७० मीटर होती, ठाण्यात सासऱ्यांनी किंमत ४,००० सांगितली होती. बिल धान्याच्या कोठीवरच्या डब्यात सापडलं, त्यावर आकडा दुपटीच्या जवळ आहे. आणखी पाच जणांची बिलं मिळाली. उरलेल्यांनी उधारीवर नेली होती, त्या दुकानदाराकडे सोमवारी वहीतल्या नोंदीची प्रत मागायला जाणार आहे. बिलाऐवजी अशी नोंद किमतीचा पुरावा म्हणून चालेल का, एवढं कोणी सांगाल?