अनुभव धागा: कोंडलेला देव तुमच्या टेबलावर काय काय करतो?

रंकाळाकाठ
सकाळी राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याचा मेसेज आला आणि कपाटातली डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर फाशांनी खेळायचा कथेचा खेळ) जुनी कॅम्पेन वही, म्हणजे लांबलचक कथेची वही, बाहेर निघाली. पहिल्याच पानावर सात चौकोन, सात शिक्के, म्हणजे कथेतल्या कोंडलेल्या देवाचे सात दरवाजे. कल्पना धरणावरूनच उचललेली. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित. धरण भरलं की उघडतात, पाणी उतरलं की मिटतात, कुणी जाऊन चाक फिरवत नाही. कोंडलेल्या देवाची ताकद तशीच मोजावी. दाब किती साठलाय एवढंच बघायचं.

आलेखाच्या कागदावर उभी पट्टी काढा, ३० फुटांपासून ४७ पर्यंत. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचेच आकडे, त्यामुळे आपल्या टेबलावर कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. भक्तांचा एक विधी पुरा झाला की २ फूट चढ. पार्टीतल्या (खेळाडूंच्या टोळीतल्या) कुणी देवाची मदत घेतली की १. शिक्क्याची जागा उद्ध्वस्त झाली की ३. जागा शुद्ध केली किंवा भक्तांची रसद तोडली की १ ते २ फूट उतार. सेशनला, म्हणजे खेळाच्या एका बैठकीला, सरासरी दीड फूट चढ धरला तर इशाऱ्यापर्यंत सहा सेशन, तिथून धोक्यापर्यंत तीन.

३९ च्या खाली देवाकडं फक्त स्वप्नं आणि वास. ३९ ते ४३ मध्ये तो एका वेळी एकाच माणसाशी बोलतो, आणि त्या माणसानं आधी काहीतरी मागितलेलं असावं लागतं. ४३ च्या वर दर सेशनला एक शिक्का उघडतो, सगळे भक्त मेलेले असले तरी. पातळी उतरली की तोच शिक्का परत मिटतो. खेळाडू नेमके इथं चुकतात. भक्त कापत सुटतात आणि पट्टी आहे तिथंच राहते.

तुमचे आकडे, नियम, काय फसलं, सगळं लिहा.

तर्रीवाला_मास्टर
नाद खुळा! पट्टीचा फोटो टाक की भावा.

वीसफासी
एक जपा. देवाचा आवाज आला की बरेच मास्टर (खेळ चालवणारे) अख्ख्या टेबलाला विस्डम सेव्ह (मोहापुढं टिकायचा फासा) टाकायला लावतात आणि एक जरी फसला तरी देवाचं काम झालं असं धरतात. डीसी (गाठायचा आकडा) १३ आणि बोनस २ असेल तर डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, ११ लागतात, म्हणजे ५० टक्के. पाच जणांनी टाकला तर पाचही वाचायची शक्यता जेमतेम ३ टक्के. देव दरवेळी जिंकतो आणि पोरांना वाटतं मास्टरनं आधीच ठरवलं होतं. सेव्ह एकालाच. ज्यानं मागितलं त्यालाच.

पंचगंगा_घाट
मग ५ बोनसवाला क्लेरिक (पुजाऱ्याचं पात्र)? तो फसायचाच नाही.

वीसफासी
त्याला ८ लागतात, ६५ टक्के. तीनात एकदा फसतोच. पण क्लेरिकला सेव्हनं धरूच नये. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४ च्या नियमांत) ऑग्युरी, म्हणजे देवाला कौल लावायचा मंत्र, लाँग रेस्टच्या (लांब विश्रांतीच्या) आधी दुसऱ्यांदा टाकली की २५ टक्के शक्यतेनं भलतंच उत्तर येतं, तिसऱ्यांदा ५० टक्के, आणि तो फासा मास्टर लपवून टाकतो. हे मूळ नियमातच आहे. पट्टी ३९ ओलांडली की ते २५ टक्के पहिल्याच वेळेपासून लावा. उत्तर आपल्या देवाचं की खालच्याचं, हे क्लेरिकला कळतच नाही. त्याच्या अंगावर एक ओरखडा न काढता त्याचा आधार डळमळतो.

अंबारखाना
आमिषासाठी काळा डी६ (सहा बाजूंचा फासा) वापरा, त्याचा आकडा डी२० मध्ये मिळवायचा. वाटीत तीन ठेवायचे, सगळ्यांना मिळून सेशनभर तीनच. डी२० कमी पडला की कितीनं कमी पडला ते मोठ्यानं सांगायचं आणि विचारायचं, "घेतोस?" १ नं हुकला असेल तर काळा फासा हमखास तारतो. ३ नं हुकला तर सहात चारदा. ६ नं हुकला तर सहात एकदा. "घेतो" म्हटलं की पट्टी आधी एक फूट चढवायची, फासा मग टाकायचा.

पट्टी पडद्यामागं ठेवली तर हे सगळं वाया जातं. खेळाडूला तो फुकटचा बोनस वाटतो. ती टेबलाच्या मधोमध हवी आणि रेघ घेणाऱ्यानं स्वतःच्या हातानं ओढायची.

काही जण काळ्या फाशाऐवजी अॅडव्हांटेज (दोन डी२० टाकून मोठा धरायचा) देतात, ते जमत नाही. ११ लागत असतील तर ५० चे ७५ टक्के होतात, आकड्यात छान दिसतं, पण अॅडव्हांटेज आधी घ्यावा लागतो. तेव्हा माणूस हुकलेला नसतो. देवाला हुकलेला माणूस लागतो, एका आकड्यानं हुकलेला तर फारच.

तर्रीवाला_मास्टर
ही शेवटची ओळ वहीत लिहून घेतली.

सज्जाकोठी
जुन्या देवांकडं बघितलं तर बरंच शिकायला मिळतं. ग्रेहॉक या डी अँड डीच्या जगातला कोंडलेला देव थारिझडून १९८२ च्या साहसातून पुढं आला, आणि त्यात पार्टी उतरते ती त्याच्या विसरलेल्या मंदिरात. पुढं त्याच्या भक्तांतले बरेचसे मूलतत्त्वांच्या डोळ्याची पूजा करत राहिले, खालचं खरं नाव त्यांना ठाऊकच नसतं. हे टेबलावर फार उपयोगी पडतं. पंथाचे तीन थर करा. वरच्या थराला वाटतं आपण पाऊस मागतोय. मधल्याला वाटतं आपण एका अन्याय झालेल्या देवाची सेवा करतोय. खालच्या तीन-चार जणांनाच सगळं माहीत. वरच्या थरातल्या शेतकऱ्यावर पार्टीनं तलवार उगारली की मोठा प्रश्न उभा राहतो, आणि तो उभा राहायलाच पाहिजे.

पाथफाइंडर या तसल्याच दुसऱ्या खेळातल्या रोव्हागुग देवाचं वेगळं. सगळ्या देवांनी मिळून त्याला जगाच्या पोटात कोंडलं, सारेनराई देवीनं भूमी चिरली आणि किल्ली राहिली अस्मोदियसकडं. म्हणजे तुरुंगाची किल्ली एका दुष्टाच्याच कमरेला! रोव्हागुगला बाहेर येता येत नाही, पण त्याची पिल्लं येतात. टरास्क हे अजस्र जनावर त्यातलंच एक.

जोतिबाची_वाट
किल्लीचा मुद्दा लाखमोलाचा आहे. कोंडणारे सगळे साव असले की कथा पातळ होते. आपल्याकडं बळीराजाच बघा. वामनानं पाताळात घातला, तरी पाडव्याला आया-बहिणी "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणतात. कोंडलेला प्रजेचा लाडका असू शकतो. तुमचा देव खरोखर दुष्ट असला तरी त्याच्या भक्तांना तो बळीसारखाच वाटायला हवा, नाहीतर एवढी माणसं जीव कशाला देतील?

आणि कोल्हासुराची कथा. अंबाबाईनं त्याला मारला, पण मरताना त्यानं या क्षेत्राला आपलं नाव राहावं असं मागितलं, म्हणून कोल्हापूर. ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर आजही कोहळा फुटतो. नाव, तिथी आणि वस्तू, या तीन गोष्टी हरलेल्याच्याही मागं उरतात. प्रत्येक कोंडलेल्या देवाला या तीन द्या. गावाच्या नावात तो लपलेला, वर्षातला एक दिवस त्याचा, आणि घराघरात असलेली एक साधी वस्तू. पार्टी मग ग्रंथालयात डोकं खुपसण्याऐवजी बाजारात चौकशी करते.

एक विनंती, आपल्या देवस्थानांना थेट खेळात ओढू नका. रचना घ्या, नावं आपली घाला.

रंकाळाकाठ
ताई, शंभर टक्के.

पंचगंगा_घाट
रचनाच घ्यायची तर अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी पायांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग मुखावर. शिक्का असा बनवायचा की वर्षातून दोनदा तीन दिवस उजेड पोचला तरच पक्का राहतो. किरणमार्गातले अडथळे हा तर आपल्याकडं कायमचा विषय. मग देवाच्या भक्ताला राक्षस बोलवायची गरजच काय? वाटेत एक मजला चढवला की झालं. पार्टीला तलवार बाजूला ठेवून नगरपालिकेत जावं लागतं.
नियम सोपा. तीन दिवस पोचला तर पट्टी ३ उतरते, दोन दिवस तर १, एक किंवा शून्य तर २ चढते. ढग आले तर? डी६ टाका, १ पडला तर तो दिवस गेला.

वीसफासी
तीनही दिवस ढगाशिवाय जायची शक्यता २१६ पैकी १२५, म्हणजे ५८ टक्के. चांगला ताण आहे, बदलू नका.

काळीमाती
तुरुंगाचा नकाशा कुणी काढलाय का? मला नेहमी लांबच लांब बोळ होतो, सगळे कंटाळतात.

सज्जाकोठी
बोळ नको, विहीर घ्या. पन्हाळ्याची अंधारबाव बघून या. तीन मजले, तळाला पाणी, मधे राहायची सोय, आणि बाहेरून बघणाऱ्याला खाली विहीर आहे याचा पत्ता नाही. गडाचं पाणी शत्रूला सापडू नये, त्यात विष कालवता येऊ नये, म्हणून केलेली. ते उलटं करा. सगळा गड ज्याचं पाणी पितो त्याच विहिरीच्या तळाला शिक्का. मग गावात स्वप्नं का पसरतात हे वेगळं सांगायला नको, आणि पाणी बंद करायचं म्हटलं की गाव पार्टीच्याच विरोधात जातं. पाच फुटाचा चौकोन धरून वरचा मजला ८ बाय ८, मधला ६ बाय ६, तळ ४ बाय ४. खाली जाल तशी हालचालीला जागा कमी, एवढ्यानंच पोरं गप्प होतात.

काळीमाती
भारी. रविवारीच जातो. कुणी येणार? गाडीत तीन जागा आहेत.

तर्रीवाला_मास्टर
मी. आधी मिसळ.

लाख_दोरा
कामात आहे, पटकन लिहिते. शिक्के खरेच करा. सात पाकिटं, प्रत्येकात एक चिठ्ठी, तो दरवाजा उघडला की जगात काय बदलतं ते, दोनच ओळी. वरून लाख. पाकीट जाड कागदाचं घ्या, पातळ कागद लाखेच्या उष्णतेनं आकसतो. कांडी मेणबत्तीवर धरू नका, काजळी बसते. स्पिरिटचा दिवा वापरा. कांडी ज्योतीच्या जरा वर, आडवी, फिरवत. रुपयाएवढा थेंब साठला की पाच-सहा सेकंद थांबा आणि मगच ठसा दाबा. ठसा आधी गार पाण्यात बुडवून पुसून घ्यायचा. गरम ठसा चिकटतो आणि अर्धी लाख घेऊन वर येतो. जुनं नाणं चालतं. पिशवीत पाकिटं उभी ठेवा, आडवी दाबली की शिक्के वाटेतच तडकतात.
टेबलावर फोडायचं काम त्या सेशनला काळा फासा ज्यानं घेतला त्याचं. तो कट असा आवाज आला की सगळे फोन खाली ठेवतात.

जोतिबाची_वाट
अगं काय सुंदर.

अंबारखाना
वॉरलॉकचं (करार करून ताकद मिळवणाऱ्या जादूगाराचं) राहिलं. खेळाडूला कोंडलेला देवच पेट्रन (ताकद देणारा धनी) हवा असेल तर द्या, पण करार आधी कागदावर. देव काय देऊ शकतो, काय नाही, आणि बदल्यात नेमकी कोणती तीन कामं. मोघम "आत्मा" वगैरे नको, त्याला वजन येत नाही. "या गावातली घंटा वाजणं बंद झालं पाहिजे" असं काम द्या. निरुपद्रवी वाटतं, पुढं कळतं की घंटा हाच तिसरा शिक्का. आणि देव खेळाडूचं पात्र स्वतः चालवायला लागला असं कधीही करू नका. शीट (पात्राचा कागद) हातातून गेली की तो माणूस फोन काढतो. देव सांगेल, मागेल, विकेल. करणारा हात खेळाडूचाच.

पंचगंगा_घाट
कुणाचा डी२० सारखा १ पाडतोय का? पेलाभर कोमट पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला, २०० मिलीला ७० ग्रॅमच्या आसपास लागतं. फासा तरंगला तर दहा-बारा वेळा टिचकी मारून फिरवा. तोच आकडा वर येत राहिला तर आत पोकळी आहे. धातूचा बुडतोच, त्याला ही परीक्षा नाही.

काळीमाती
पट्टी ४७ ला गेलीच तर? लढाई कशी मांडायची?

रंकाळाकाठ
देवाशी नाही मांडायची. एचपी (जीवाचे गुण) दिलेलं काहीही मरतं. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांतल्या टरास्कला एसी (वार लागायला गाठायचा आकडा) २५, एचपी ६७६, चॅलेंज (अवघडपणा) ३०, तरी उडता येणारी पार्टी लांबून बाण मारत बसते. म्हणून लढायला पिल्लू द्या आणि देवाला आकडेच देऊ नका. ४७ नंतर लढाई चालू असताना दर फेरीला जगातली एक गोष्ट कायमची जाते. एक रंग, एक नदी, एका जातीचे सगळे मंत्र. काय जायचं ते खेळाडू निवडतात. पिल्लू पडलं की पट्टी ५ उतरते आणि दरवाजे एकेक करून मिटायला लागतात. गेलेलं परत येत नाही. तीन फेऱ्यांच्या वर ही लढाई लांबवू नका, खोलीतली हवा जड होते.

काळीमाती
खेळाडूंनी निवडायचं... बापरे. करतो.

तर्रीवाला_मास्टर
लाख करून बघितली आत्ता. दिवा नव्हता म्हणून मेणबत्तीवरच धरली, सगळी काळी झाली.

लाख_दोरा
टाकू नकोस दादा ती. सहा लाल कर आणि सातवा शिक्का त्या काळ्याचाच मार.