48 इंची धनुष्य नवशिक्यांच्या गळ्यात मारणाऱ्यांनो, जरा थांबा

येऊरकर_बाण: काल इथे एकाने ठोकून दिलंय की नवशिक्याने डोळे झाकून 48 इंची हॉर्सबो (घोडेस्वारांचं आखूड धनुष्य) घ्यावा, उंची कितीही असो, लोकलमध्ये नेता येतो म्हणे. अहो दादा, लांबी ड्रॉवर, म्हणजे दोरी किती मागे ओढता त्यावर ठरते! दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत मोजा, अडीचने भागा, 70 इंच आले तर ड्रॉ साधारण 28. आता 48 इंची तीन बोटांनी 28पर्यंत ओढून बघा, दोरीचा कोन इतका टोकदार होतो की बोटं चिमटतात, शेवटच्या दोन इंचात ओढायचं वजन भसकन चढतं, पोरगं अँकरपर्यंत (चेहऱ्यावर ओढता हात टेकवायची जागा) पोचतच नाही आणि महिन्याभरात धनुष्य माळ्यावर. 28ला रीकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) 62-64 घ्या, लाँगबो (सरळ, लांब) 66-68.

घणसोली_धनुर्धर: तो एक म्हणजे मीच. कोरियात छोट्या धनुष्याने 145 मीटरवर मारतात, ओढ तर आपल्याहून लांब. त्यांची बोटं लोखंडाची का?

येऊरकर_बाण: ते अंगठ्याने ओढतात हो! दोरी एकाच जागी धरलेली, चिमटायला शेजारी बोटच नाही. आणि त्यांचं शिंगाचं काम कुठे, तुमचं ऑनलाइन मागवलेलं फायबरग्लास कुठे.

नेरूळची_ताई: लांबवाल्यांनीपण फार उडू नका. माझा ड्रॉ 25. क्लासमध्ये 70 इंची हातात दिलं, "लांब म्हणजे सॉफ्ट" म्हणून. लिंब (धनुष्याचे वाकणारे हात) धड वाकायचेच नाहीत, बाण मरगळल्यासारखा जायचा, वर सर म्हणणार ताकद कमी पडते. लिंबवर लिहिलेलं पाउंडेज (ओढायला लागणारा जोर) 28 इंच ड्रॉचं असतं, 25ला चार-पाच पाउंड कमीच मिळतं, हे बायकांना कुणी सांगतच नाही! 62 घेतलं आणि कटकट संपली.

रबाळेवाला: ते सगळं ठीक, पण एकसंध 68 इंची घेऊन संध्याकाळची ठाणे-वाशी पकडून दाखवा.

येऊरकर_बाण: टेकडाउन घ्या ना, बोल्टने जोडायचं. रायझर (मधली मूठ), लिंब सुटे, पाठीवरच्या सॅकमध्ये जातं.

खारघरचे_काका: बोल्ट आले की ट्रॅडिशनल संपलं. 1545 साली बुडालेल्या मेरी रोझ जहाजातून शंभरावर लाँगबो निघाले, सगळे सहा फुटांच्या वर, एकालाही बोल्ट नाही.

रबाळेवाला: त्यांना तुर्भ्याला उतरायचं नव्हतं काका.

खारघरचे_काका: चेष्टा करा. मी मालडब्यातून नेतो, कोळणी स्वतः सरकून जागा देतात. मनात असलं की जमतं. तुम्हा पोरांना सगळं सॅकेत पाहिजे.

नेरूळची_ताई: काका, तुम्ही रिटायर्ड, दुपारी दोनला जाता. मी ऑफिसमधून सुटून लेडीज डब्यात चढते, तिथे छत्रीवरून भांडणं होतात.

घणसोली_धनुर्धर: म्हणूनच 48 म्हणालो होतो!! फलाटावर मला अडवून पिशवी उघडायला लावली, लांब काही असतं तर तिथेच बसवून ठेवला असता.

येऊरकर_बाण: बरं बाबा. अंगठ्याने मारणार असाल तर 48 घ्या, वर थंब रिंग (दोरी ओढायला अंगठ्यात घालायचं कडं) घ्या. पण हे पोस्टमध्ये लिहायला काय पैसे पडत होते?

घणसोली_धनुर्धर: टाकतो एडिट करून. "येऊरकर साहेबांच्या परवानगीने" असंपण टाकू का?

येऊरकर_बाण: टाका. आणि तीन बोटंवाल्यांना 48पासून लांब ठेवा.

रबाळेवाला: ते मरू द्या. काका, ऐरोलीला मालडबा नक्की कुठे येतो?